उजवी मांडी, डावी मांडी

४ मे
ठरलं! या उन्हाळ्यात पोहायला शिकायचं. शिकवणार निधी — कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून लेक घरी येतेय, आणि आमच्या सोसायटीच्या पूलवर लाइफगार्डचं कामही मिळालंय तिला.

अडचण एकच. मांड्यांवरचे खळगे. सेल्युलाइट. ते घेऊन मी चारचौघांत स्विमसूटमध्ये? छे! पण सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय मी. सगळे उपाय तपासणार, चालेल तोच पास.

५ मे
शीट तयार. उपाय, दुखतं किती, टिकतं किती, निकाल. सवयीने फॅमिली फोल्डरमध्येच टाकली — व्हिसाच्या कागदांपासून किराण्याच्या यादीपर्यंत आमचं सगळं तिथेच असतं.

१९ मे
दोन आठवडे उजव्या मांडीला कॅफीनचं क्रीम, डावीला खोबरेल तेल. नवऱ्याला, परीक्षितला विचारलं, फरक सांग. "अगं, कसला फरक?" चष्मा लावायला लावला. तरी तेच! दोन्ही फेल.

२७ मे
मसाजचं मशीन. दुसऱ्या दिवशी छान, चौथ्या दिवशी जैसे थे. फेल.

३ जून
मांडी बघून स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या, "ऑरेंज पील." मी नागपूरची, मला संत्र्याची साल समजावतात!

मशीनने आतून शेक दिला की थोडं घट्ट होतं, पण काही महिनेच. सुईने त्वचेखालचे ताणलेले धागे कापले तर जास्त टिकतं, आधी काळंनिळं होतं. "नाइन आउट ऑफ टेन विमेन हॅव इट." असेल. मला दहावी व्हायचंय. सुईच! २४ जूनची तारीख घेतली.

९ जून
निधी आली. "आई, पूल कधी?" म्हटलं, मांड्या दाखवण्यालायक झाल्या की.

१६ जून
निधीने लाइफगार्डचं काम सोडलं! "नॉट फीलिंग इट, आई." एवढ्या उकाड्यात लांब पँट घालून घरात बसते. आळशीपणा नुसता. चांगली झापली.

१८ जून
शीट उघडली. तळाशी एक ओळ जास्त होती. माझी नाही.

"निधी. उजवी, डावी — दोन्ही फेल."

हे मी शिकवलं तिला.

१९ जून
क्लिनिक कॅन्सल. भर दुपारी, पूल गच्च भरलेला असताना, खळग्यांसकट पाण्यात उतरले. निधी काठावर, लांब पँटमध्ये. पाणी छातीशी आल्यावर ओरडले — "शिकवतेस, की बुडू?"

पँट काठावरच राहिली.