अकरा पक्षी आणि एक शीळ

ती. दादा,

धाकटीचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? (वहिनीला विचारून लिही, तू नेहमी "झकास" लिहितोस.) मी बरी, दुकान बरं, शहर मात्र रोज एक मजला वाढतंय.

तर झालं असं. इमारतीमागची सात झाडं पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायचं ठरलंय. पण नगरपालिकेचा नवा नियम आहे: आधी पक्षी मोजायचे, आठापेक्षा जास्त जाती निघाल्या तर झाडांना हात लावायचा नाही. मोजायचं कोणी? इमारतीच्या सभेत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. (फुकट राबायला मीच दिसते!) अर्जावर दोन रकाने, "पाहिला" आणि "ऐकला". आता पस्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणारी बाई मी, नुसत्या खरखरीवरून काय बिघडलंय ते सांगते. दुर्बीण घेऊन मान कोण मोडणार? तीन सकाळी चहा घेऊन खिडकीत डोळे मिटून बसले आणि "ऐकला"खाली अकरा जाती ठोकून दिल्या. टिटवी, सुतार, पिंगळा, चक्क पाणकोंबडी! मागचं तळं बुजवून पंधरा वर्षं झाली, तरी पाणकोंबडी! मी अशी काही फुशारले की विचारू नकोस.

चौथ्या सकाळी चहा सांडला म्हणून डोळे उघडले. समोरच्या फांदीवर एकटा कोतवाल, काळाकुट्ट, दुभंगल्या शेपटीचा. त्याने चोच उघडली नि टिटवी ओरडली. मग सुतार, मग पिंगळा. अकराच्या अकरा, एकाच चोचीतून! (मधे वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या तीन शिट्ट्याही.) माझं कपाळ! पण दादा, खोटं कशाला बोलू, रागवायचं राहूनच गेलं. त्या पाखराने पाणकोंबडी जन्मात पाहिलेली नाही. बापाने ऐकवली असेल, बापाला आज्याने. आपण तळं बुजवलं, आणि या मूठभर जिवाने ते गळ्यात जपून ठेवलं. कितीतरी वेळ मी तशीच ऐकत बसले, ओल्या साडीने.

मग अर्ज परत मागवला आणि खरं ते लिहिलं: जाती एक, आवाज अकरा. झाडं आता जाणार म्हणून सभेतले लोक माझ्याशी बोलायचे बंद झालेत. नगरपालिकेचे साहेब मात्र म्हणाले, असा पक्षी असेल तर गुरुवारी सकाळी मी स्वतः ऐकतो, मग झाडांचं ठरवू.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. काल कोतवालाने आणखी एक नवाच आवाज काढला. दोन लांब, एक तुटका. मी विचारसुद्धा न करता उठले आणि तिसऱ्या मजल्यावरून किल्ली खाली टाकली. (रखवालदाराच्या टाळक्यात बसली. टेंगूळ आहे, बाकी ठीक.) मग लक्षात आलं, फाटकातून किल्ली मागताना तू घालायचास ती शीळ. तुला इथून जाऊन अठरा वर्षं झाली.

ता. क. दुसरा. ते अकरा पक्षी परत बोलावणं माझ्या हातात नाही. तू गुरुवारी ये. फाटकात उभा राहून एकदा शीळ घाल, कोतवाल उत्तर देतो का ते साहेबांना ऐकू दे. झाडं वाचतील की नाही, देव जाणे. किल्ली मी टाकीन. डोकं सांभाळ.