आत्याच्या पाटावर बसून

ति. सौ. भावनाताईस,

धाकट्या दीपेशचा वाकून नमस्कार. (हात तीनदा धुतलेत, तरी वास जात नाही. तेव्हा कागद जरा लांब धरूनच वाच.) तुझी कंबर आता कशी आहे? रुतिकाचे पुढचे दात पडले असं कळलं, नवे येईपर्यंत तिचे फोटो काढून ठेव, पुढे भांडणात उपयोगी पडतात. प्रणयभाओजींची तब्येत विचारत नाही, कारण ते आत्ता समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेत. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र त्यांच्या पिशवीतून खांदेश्वरला येतंय, कोलंबीच्या शेजारून. (ती कोलंबी ते स्टेशनाबाहेरून घेतात असं तुला सांगतात. नाही घेत.) राग हा तुझा हक्कच आहे, पण पत्र वाचून होईपर्यंत तो ओट्यावर काढून ठेव.

येसूआत्या घर सोडून गेल्याचा दोष तू दिवाळे गावातल्या सगळ्यांना देतेस, म्हणून खरं काय घडलं ते सांगतो. आत्याने या वयात पुन्हा लग्न ठरवलं म्हणून इथे कुणाचं आभाळ कोसळलं नव्हतं. विधवेनं पुन्हा घर मांडणं आपल्याकडे नवं नाही. आभाळ कोसळलं ते नवरदेवाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं राहिल्यामुळे. सानपाड्याचे बाबासो, भाजीच्या घाऊक बाजारातले निवृत्त कारकून, साताऱ्याकडचे, विधुर, दर रविवारी न चुकता आत्याकडे मासे घ्यायला येणारे, आणि त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ! माणसाने उभ्या आयुष्यात मासा तोंडात घातलेला नाही. मग इतकी मांदेली, इतके बोंबील जात कुठे होते? तर त्यांच्या सोसायटीतल्या मांजरांच्या पोटात. ती मांजरं म्हणे इतकी सुटली की जिना चढेनाशी झाली आणि सेक्रेटरीने नोटीस लावली. बाबांनी हे ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. त्यांचा प्रश्न एकच होता, की दर्याकाठची बाई माळकऱ्याच्या घरात जाऊन खाणार काय, कोबी? आणि आत्याला हे ठाऊक कधीपासून होतं? पहिल्या रविवारपासून. तोंडावर म्हणाली बाबांना, "दादा, मासं खानारा मानूस कल्लं उचलून बघतो. यो नुसता माजं तोंड बघं. मना काय समजत नाय?"

त्यावर बाबांनी मला सानपाड्याला धाडलं, त्या माणसाला दम देऊन यायला. (मला! ज्याला रिक्षावाला दम देतो.) मी सकाळी बाबांच्या मासळीच्या पाट्या उतरवून तसाच गेलो होतो, त्यामुळे गेटपासून मांजरांची मिरवणूक माझ्यामागे लागली. वॉचमनने नाव न विचारता सांगितलं, बाबासोंकडे ना, दुसरा मजला. दम द्यायला तोंड उघडलं तर त्यांनी त्यात थालीपीठ घातलं. लोण्यासकट. मग म्हणाले, "त्यांनी मासं सोडावं आसं म्या म्हननार न्हाई. माज्या घशाखाली जात न्हाई, तेवढं त्यांनी सोडून द्यावं." आणि मला गॅलरीत नेलं. तिथे नवी शेगडी, वेगळा तवा, वेगळी विळी, मसाल्याचे डबे, आणि धूर शेजारच्यांकडे जाऊ नये म्हणून पत्र्याचा आडोसा, स्वतः ठोकलेला. ताई, उलट्या बाजूने ठोकला होता, धूर सगळा त्यांच्याच घरात जाणार होता. पण मला तो माणूस तिथेच आवडला. घरी आलो तेव्हा बाबांनी विचारलं, काय ठणकावून आलास? मी म्हटलं, त्यांना जेवायला बोलावलंय. बाबांनी पुन्हा ताट बाजूला सारलं.

आता लग्नाच्या दिवसाचं ऐक, कारण तिथे तू नव्हतीस. नोंदणी दुपारी होती. आत्या म्हणाली, सकाळचा माल विकून येते. नवी साडी नेसून, गजरा माळून मासळी बाजारात बसली. माल संपला. पाटी धुऊन झाली. आणि आत्या उठेना. बाबासो बाजाराच्या तोंडाशी इस्त्रीच्या शर्टात उभे, हातातल्या पिशवीत हार, एक हाक नाही की खूण नाही. शेजारच्या जाईबाई म्हणाल्या, "ऊठ गो, तो वालून जाईल." तरी नाही. दोन्ही हातांनी पाटाची कड घट्ट धरलेली. शेवटी एवढंच म्हणाली, "यो पाट माज्या आयचा हाय. आपल्यातलं कोन बसल्याबिगर मी उठनार नाय."

मला त्या क्षणी आत्याची भीती वाटली आणि फार कौतुकही वाटलं. आई गेल्यावर याच पाटावर बसून तिने आपल्याला वाढवलं. तू तर याच पाटामागे रिकाम्या पाटीत झोपायचीस. ज्या बाईने जन्मात काही अर्धवट टाकलं नाही, ती स्वतःच्या सुखासाठीसुद्धा जागा उघडी टाकून जायला तयार नव्हती. मी इकडेतिकडे बघितलं. तू नव्हतीस. बाबा स्वतःच्या चपला बघत होते. आपल्यात पुरुषाने जाळं टाकायचं आणि बाईने विकायचं, त्या पाटावर आजवर एकही पुरुष बसलेला नाही हे मला माहीत होतं. तरी मी बसलो. ऑफिसच्या पँटमध्ये, गळ्यात ओळखपत्र घालून. सगळा बाजार हसला. आत्या उठली आणि चालायला लागली. मागे वळून एकदाच बघितलं, तेही कोयता उलटा धरलायस हे सांगायला.

तेव्हापासून रजा टाकून मी इथे बसतोय. माझ्या कारकिर्दीबद्दल फार लिहीत नाही. एका बाईंची कोलंबी सोलून दिली तर त्यांनी विचारलं, उरलेली कुठंय? मला ताप आल्याचं ज्या साहेबांना कळवलं होतं, तेच परवा चिंबोऱ्या घ्यायला समोर उभे राहिले. (जिवंत चिंबोऱ्या दिल्या, तेव्हा विषय निघाला नाही.) या पाटावर बसल्यावर पाठीचं, बोटांचं, आवाजाचं काय होतं ते आता कळतंय, आणि ही बाई हे सगळं करून घरी आपल्याला गोष्टी सांगायची हे आठवलं की मी पाट पुन्हा एकदा पुसून घेतो. बाबा आत्याचं नाव काढत नाहीत. फक्त रोज पहाटे मासळीची पाटी माझ्यासमोर ठेवतात, त्यातली सगळ्यात मोठी बोई उचलून बाजूला ठेवतात आणि भिंतीकडे बघून म्हणतात, "ही सानपाड्याला लागंल."

भाओजींचा चहा संपला. रुतिकाला गोड पापा.

तुझा,
दीपेश

ता. क. माझी रजा संपली, आणि तिच्या बदल्यात येत्या रविवारीही कामावर बोलावलंय. आठवडाभर जाईबाई सांभाळतील, पण रविवारी पाट रिकामा राहील. आत्याने निक्षून सांगितलंय, ज्या रविवारी आपलं माणूस तिथे दिसणार नाही, त्या दिवशी ती पिशवी भरून परत येईल. ती खरंच येईल. तिच्याशी बोल, तिला माफ कर, असलं मी काही म्हणत नाही. तू फक्त रविवारी येऊन बस.

आणखी एक. काल ती दोघं आली होती. आत्या गिऱ्हाईक होऊन माझ्यासमोर उभी राहिली, बोईचे कल्ले उचलून बघितले, भाव विचारला, नाक मुरडलं आणि जाईबाईंकडून घेतली. जाताना माझ्या हातातला कोयता घेऊन धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "यो भावनाच्या हातचा हाय. तुज्या नाय."

धार लावून ठेवली आहे.