फक्त हात

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं शोभत नाही, असं कोणीही मला सांगेल. पण मी रागावले आहे. वाशिमच्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये मी ताय ची शिकायला जाते. ही चिनी युद्धकला, पण इतकी संथ की पाहणाऱ्याला जांभई यावी. पाय रोवायचा, पायातला जोर कंबरेत आणायचा, कंबर वळली की हात तिच्यामागून जायचा. सगळं अंग एकदम. माझा हात मात्र खांद्यातून एकटाच निघतो. शिकवणारी पोरगी म्हणते, "काकू, कंबर कुलपात ठेवून आल्या काय?" मागच्या रांगेतले निवृत्त कंडक्टर म्हणतात, "मॅडम, तुमची बस त निंगाली, प्यासिंजर खालीच राह्यले!" सगळे हसतात, मीही हसते, आणि घरी येऊन दातओठ खाते.

मी हौसेनं जात नाही. न्हाणीत पाय घसरून पडले तेव्हापासून मुलाचं एकच चाललं आहे: पुन्हा पडलीस तर हे घर विकायचं, तू पुण्याला यायचं. मला माझं घर सोडायचं नाही. त्यासाठी तोल सांभाळायला हवा, तोलासाठी कंबर सुटायला हवी, आणि ती तुम्ही बांधून ठेवलीत.

आमच्या धनज गावाहून तुमच्या मिशनच्या वसतिगृहात आले तेव्हा मला लेझीम येत होती. गुडघ्यात वाकून, कंबरेतून झोका घेऊन. गॅदरिंगच्या तालमीत तुम्ही माझ्या कंबरेवर छडी टेकवलीत. "ए मुली, हा गावचा नाच नाही. फक्त हात!" खांद्याखाली पुतळे आणि वर छमछम, अशी लेझीम आम्ही खेळलो. पाहुण्यांनी शिस्तीचं कौतुक केलं. मला ताप आला तेव्हा उशाशी बसून तुम्ही स्वतःचं लोकरी जाकीट मला घातलंत, तेही मी विसरलेले नाही. राग त्याचाच जास्त येतो. दुसऱ्या कुणाचं मी इतकं ऐकलं नसतं.

आणि तुम्हाला येत होतं! नाताळ जवळ आलाय, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, तुम्ही परातीत पावाचं पीठ मळताय. टाचेतून जोर उठतो, कंबरेतून तळव्यांत उतरतो, डोक्यावरचं वस्त्र झुलतं. मला पाहिलंत आणि एकदम ताठ झालात. "काय बघते? जा, अभ्यास कर." कशाची लाज वाटली तुम्हाला? आणि ती मला का दिलीत?

परवा वर्गात मी डोळे मिटले आणि समोर ती परात आहे असं मनात धरलं. तळवे पुढे गेले आणि मागे काहीच राहिलं नाही. कंडक्टर ओरडले, "भरली गाडी, मारा घंटी!" पोरीनं विचारलं, "काकू, कोनाले पाहून जमलं?" मी म्हटलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिला.

हा कागद मी जपून ठेवलेल्या तुमच्या त्या जाकिटाच्या खिशातच राहणार, म्हणून कबूल करते. खरं सांगितलं असतं तर वर्गात तुमचं कौतुक झालं असतं, आणि ते मला इतक्यात होऊ द्यायचं नाही.