आठांच्या पंगतीत साखर

११ मार्च, सोमवार
रेणूंची वजनं करणारं मशीन चालू झालं!! हिवाळाभर रुसलेला त्याचा पंप माझ्या सरांनी, सापारगाली आगायनी, शिव्या घालघालून सुरू केला. संध्याकाळी पडद्यावर सेरीन या अमिनो आम्लाची रेघ — आठ रेणूंचं टोळकं, बरोबर आपल्या वजनावर. आगाय लहान मुलासारखे हसले. मग म्हणाले, "शुक्रवारी संचालकांना अशीच स्वच्छ दाखव. नाहीतर मशीन भंगारात आणि मी गावी, मेंढ्या राखायला."
यांना मेंढी कुठली, बकरी कुठली कळत नाही! आणि त्यांच्याशिवाय मी इथे काय करू?

१२ मार्च
हिशेबखात्यातल्या वडीलधाऱ्या कुल्यान आपायनी घात केला. मशीन सुरू झाल्याचं कळलं, तशा आल्या आणि नवी सून घरात आली की तिच्यावर उधळतात तशी ओंजळभर मिठाई मशीनवर उधळली! पिठीसाखरेचा धुरळा. माझ्या सेरीनच्या बाटल्या उघड्या. मी ओरडलेच.
"अगं, शुभ असतं!" म्हणे.

१४ मार्च
आठाची रेघ खाली बसली. बाजूला भलतीच एक उपटलीय.

१५ मार्च, शुक्रवार
"कचरा दिसतोय सगळा," संचालक म्हणाले आणि गेले. आगायनी चहाचा पेला धुतला, पिशवीत ठेवला आणि गावची गाडी पकडली. आपाय दारात उभ्या — "माझ्यामुळे झालं ना गं?" मी दार लावून घेतलं. दुष्ट मी.

१७ मार्च, रविवार
कचरा नाही!! वजनं पुन्हा मांडून पाहिली. आठांतले दोन सेरीन उठलेत आणि साखरेचे तीन रेणू त्यांच्या जागी बसलेत — पाहुणे आले की आपण जेवणाच्या दस्तरखानाभोवती सरकून घेतो, अगदी तसं! उरलेली मिठाई ताज्या बाटलीत विरघळवली. तीच रेघ!
आगायना फोन लावला. "सुयुंशी!" हा शब्द उच्चारला की आनंदाची बातमी आणणाऱ्याला मागेल ते द्यावंच लागतं, तिथे नाही म्हणायची सोय नाही.
"माग, पोरी."
"तुम्ही हवे. उद्या. मशीनपाशी."
पलीकडे एक मेंढी ओरडली. "या बकरीला बांधतो आणि निघतो."

१८ मार्च
आगाय आले! अंगाला मेंढ्यांचा वास. त्यांनी रेघ समजावून सांगितल्यावर संचालकांनी भंगारवाल्याला परत पाठवलं. मी शोधनिबंधाच्या कागदावर आगायचं नाव सर्वांत वर लिहिलं. त्यांनी ते खोडलं.
"कुल्यानचं घाल. साखर तिने टाकलीय."