फौलादची रिकामी करवंटी

पनवेल
१ सप्टेंबर २०१४

प्रिय तौसीफ,

तुझा दोस्त माज रजा संपवून मस्कतला परत येतोय. त्याच्या बॅगेत अम्मीने कोकम, सुकट आणि तुझ्या आवडीचं लोणचं कोंबलंय, तेव्हा हे पत्र तुला त्या सगळ्याच्या वासासकट मिळेल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर अब्बांचं नाव निघालं की तुला नेमकी ड्युटी आठवते. पत्राला मध्येच कापता येत नाही. लिफाफ्यात काय खुळखुळतंय ते शेवटी सांगते, तोवर जमलं तर दम धर.

रविवारचा आपला खेळ अजून चालू आहे. अब्बांच्या दुकानाच्या त्याच माळ्यावर, विकायच्या जाळ्यांच्या ढिगांना टेकून. दुपारी छपरातल्या काचेतून ऊन येतं, निळ्याहिरव्या नायलॉनवर पसरतं आणि सगळा माळा पाण्याखाली गेल्यासारखा दिसायला लागतो. धनेश, महेक आणि मी त्या उजेडात बसलो की खाली बाजार आहे, रिक्षा कोकलतायत, हे हळूहळू खरं वाटेनासं होतं. खेळातली आमची होडी सध्या मिठागरांच्या राज्यात आहे. तिथं मिठाच्या ढिगांवर दिवसाही चांदणं राहतं. खाडीचं पाणी ज्याला जिथं जायचं असेल तिकडे वाहतं, आणि होडीतल्या दोघांना दोन दिशांना जायचं असलं की नुसतं थांबून राहतं. हे मी रचलं असं म्हणते खरी, पण कधी कधी वाटतं, मला ते आधीपासून दिसतच होतं.

तू कॉलेजात असताना सायबर कॅफेतून नियमांचा गठ्ठा छापून आणलास, ते आठवतंय का? प्रत्येकाने आपापला माणूस रचायचा, एकाने गोष्ट सांगत जायचं आणि वाटेत काय करायचं ते ज्याने त्याने आपल्या माणसाच्या वतीने ठरवायचं. सोबत मुंबईहून आणलेले रंगीत फासे होते. अब्बांनी ते बघितले आणि एवढंच म्हणाले, "घरात फासे नकोत." तू आठवडाभर फुगून बसलास. मी मात्र ओट्यावर चिंचोके घासून त्यांची एकेक बाजू पांढरी केली. चिंचोक्यांना अब्बा काय बोलणार, लहानपणी ते स्वतः दादीबरोबर खेळलेत. मग नियमही आपलेच झाले. प्रत्येकाला मूठभर चिंचोके आणि समोर करवंट्या, एक तलवारीची, एक बोलण्याची, एक वाट शोधण्याची, एक औषधाची. ज्या करवंटीत जितके चिंचोके, त्या कामाला तितके फेकायचे. एक जरी पांढरा पडला तरी काम फत्ते. करवंटी रिकामी असेल तर ते काम आपल्या माणसाला येतच नाही.

महेकने निम्मे औषधात टाकले, निम्मे वाटेत. धनेशने हिशेबी माणसासारखे सगळीकडे थोडे थोडे वाटले. आणि तू? तू अख्खी मूठ तलवारीत ओतलीस. मी किती समजावलं, अरे, दोनचार तरी बोलण्यात ठेव, वेशीवरच्या पहारेकऱ्याला नाव तरी सांगता यायला हवं. तू म्हणालास, माझ्या फौलादला बोलायची गरज पडत नाही. तुझा तो फौलाद! वाटेत जो भेटेल त्याला आडवा करायचा, आणि मग रस्ता विचारायला कुणी उरायचंच नाही. आपण पोट धरून हसायचो. पण तू घर सोडलंस त्या दिवशी मला हसू आलं नाही. अब्बा भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, तुला नाही नाही ते बोलले, मस्कतला जायचं तर पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस म्हणाले. तू चकार शब्द काढला नाहीस, सलामही केला नाहीस आणि निघालास. मला डोळ्यांपुढे फौलादची ती रिकामी करवंटी दिसत होती. दोन वर्षं होत आली. तुम्ही दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नाही.

तू गेल्यावर फौलादला मी मारलं नाही, झोपवलं. खाडीवरचं धुकं त्याच्या डोळ्यांत गेलं आणि तो होडीच्या मागच्या टोकाला आडवा झाला, तलवार उशाशी घेऊन. आम्ही त्याला सगळीकडे बरोबर नेतो.

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही एका पुलापाशी अडलो. खालचा राक्षस कुणाला सोडेना, आणि फौलाद झोपलेला, त्यामुळे लढणारं धड कुणी नाही. एवढ्यात जिन्यातून अब्बांचं डोकं वर आलं. "त्याला काय हवंय, कुणी विचारलं का?" धनेश म्हणाला, "काका, तो राक्षस हाय, गिऱ्हाईक नाय." अब्बा सरळ वर येऊन बसले. थोड्या वेळात त्यांनी राक्षसाच्या गळ्यात एक जुनं जाळं मारलं आणि वर त्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी केली. राक्षस मीच होते. मला इतकं हसू आलं की मी पूल मोकळा करून टाकला.

तेव्हापासून ते दर रविवारी येतात. त्यांचा माणूस म्हणजे होडी हाकणारा म्हातारा नाखवा. तलवारीत एकही चिंचोका नाही, जवळजवळ सगळे बोलण्यात. वादळाशी घासाघीस करतो, भुतांना ओळखीच्या कोळ्यांसारखा नावाने हाका मारतो. पण बसल्या बसल्या त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "तो मागे झोपलाय, त्याला पांघरूण आहे ना?" फौलाद कुणाचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. एकदा म्हणाले, पोराच्या तोंडावर ऊन येतंय, आणि नाखव्याने आपला सदरा काढून त्याच्यावर धरला, एका हाताने वल्हं मारत. मला पुढची गोष्ट सुचेना. आम्ही कितीतरी वेळ तसेच वल्हवत राहिलो, कुठेच न पोचता. तुझी इतकी आठवण आली, तौसीफ.

काल होडी एका बेटाला लागली. तिथं झोपलेल्याला त्याच्या घरच्या कुणी हाक मारली की तो जागा होतो. हे मी मुद्दाम रचलं होतं, रागावलास तरी चालेल. अब्बांची बोलण्याची करवंटी भरलेली, एखादा पांढरा पडणारच होता. त्यांनी सगळे चिंचोके मुठीत घेतले, पण मूठ काही उघडेना. धनेश हळूच म्हणाला, "फेका काका, आमी हाय ना." अब्बांनी मूठ परत करवंटीत रिकामी केली. म्हणाले, "मी हाक मारली की तो उठेल, आणि पुन्हा मीच बोलत बसेन. त्या दिवशीही सगळं मीच बोललो. त्याला बोलायला जागाच ठेवली नाही." मग आपल्या करवंटीतला एक चिंचोका उचलून त्यांनी फौलादच्या बोलण्याच्या करवंटीत टाकला. एकाचे चिंचोके दुसऱ्याला देता येत नाहीत, या नियमावरून मी धनेशशी किती भांडलेय तुला माहीत आहे. काल मी गप्प बसले. महेक तर जाळ्यांकडे तोंड करून रडत होती.

अब्बा पुढच्या आठवड्यात हजला निघतायत. निघण्याआधी सगळ्यांकडून कहासुना, म्हणजे आजवरचं बोललंचाललं, माफ करून घ्यायचं असतं, ते तुला मी सांगायला नको. अख्खा बाजार फिरून झाला, करंजाड्याला धनेशच्या आजीकडेही जाऊन आले. एकच माणूस राहिलाय. रोज संध्याकाळी ते फोन घेऊन गॅलरीत उभे राहतात आणि तसेच आत येतात. आज सकाळी त्यांनी कालचा तो चिंचोका स्वतःच माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "माजकडे दे." म्हणून हे पत्र. लिफाफ्यात खुळखुळतोय तो हाच. फेकून बघ. पांढरा पडला तर अब्बांना फोन लाव. आणि काळा पडला, तर खेळ मी चालवते आणि नियम माझा आहे, काळा पडला तरी लाव. फौलादला आता बोलता येतं.

तुझीच,
खतीजा आपा