बेतवेकाठचं पत्र

१९ एप्रिल २०२१, बेस्ट
हॉस्पिटलमधून मुलाच्या, ईशानच्या इथल्या परदेशातल्या घरी येऊन पाच दिवस झाले. जिना चढताना मधे दोनदा बसते. फोन आज पहिल्यांदा हातात घेतला. तीन आठवड्यांचे निरोप साठलेत.

२० एप्रिल
पुण्याहून चंद्रहासने, माझ्या भावाने, चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवलाय. आमच्या इतिहास मंडळाच्या ऑनलाइन व्याख्यानाचा तुकडा. बोलतेय सुचित्रा. माझी विद्यार्थिनी, तेवीस वर्षांची ओळख. विषय — बेतवेची लढाई. १ एप्रिल १८५८. झाशीला इंग्रजांचा वेढा, तो उठवायला तात्या टोपे मोठी फौज घेऊन आलेले. इंग्रजी घोडदळ दोन्ही बगलांवर तुटून पडलं आणि पहिली फळी उधळली.

मग पडद्यावर माझं पत्र! तात्यांच्या एका सवाराने भावाला लिहिलेलं, मोडीतलं. नऊ वर्षं लावली मी त्यावर. अजून कुठे छापलेलं नाही. सुचित्रा ते वाचत होती — ‘डोंगरी जाळ केला. शहरांतून तोफा जाहल्या. आम्ही येतों म्हणोन त्यांस हर्ष. दोन प्रहरीं आम्ही नदीपार पळोन गेलों.’

त्याची प्रत पुण्यातल्या माझ्या कपाटात आहे. घराची किल्ली सुचित्राकडे, झाडांना पाणी घालायला.

मी इथे नाकात नळ्या घालून पडले होते तेव्हा.

२१ एप्रिल
फोन केला.
“ताई! तुमचा आवाज ऐकला, बास.”
“पत्र कुठून आणलंस?”
“ताई, सांगते ना. आधी बऱ्या व्हा.”
“कपाट उघडलंस?”
“औषधं वेळेवर घेताय ना?” म्हणाली. मी फोन ठेवला.

ईशानला काही बोलले नाही. बिचारा आधीच मीटिंगांच्या मधे येऊन माझं तोंड बघून जातो. सुनेला, मृदुलालाही नाही.

२४ एप्रिल
मंडळाचे कार्यवाह विनायकराव, त्यांना लिहिलं. ‘चोरी’ हा शब्द लिहिला, खोडला, परत लिहिला. चंद्रहासला सांगितलं, तिच्याकडून किल्ली घेऊन ये.

आपला माणूस आला म्हणून झाशीकरांनी तोफा डागल्या, आणि दुसऱ्या दिवशी, मागे हटताना त्याच फौजेने पेटवलेलं, समोरचं रान जळताना पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल, यावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय. आज काढून वाचलं. फार शहाणपणाने लिहिलंय. तसं वाटत नाही माणसाला.

२८ एप्रिल
इथली रात्रीची संचारबंदी उठली म्हणे. मला काय त्याचं.

३ मे
विनायकरावांची मेल. ‘व्याख्यानात सुचित्राताईंनी आपलं नाव आदराने घेतलं होतं, त्यामुळे आपली संमती आहे असं आम्ही धरून चाललो.’ नाव घेतलं म्हणजे कपाट उघडायची मुभा? तिची पुढची दोन्ही व्याख्यानं रद्द. संपादक मंडळातूनही काढलं. ‘खुलासा मागितला. ताई म्हणतात ते मान्य आहे, एवढंच त्यांनी कळवलं.’

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.

४ मे
किल्ली चंद्रहासकडे पोचली. “रडत होती गं,” म्हणाला. रडू दे.

९ मे
दुपारी ईशान चहा घेऊन वर आला. “सुचित्राताई मेसेजला उत्तरच देत नाहीये. तुझं बोलणं झालं का?” मग मी सगळं सांगितलं. त्याने कप खिडकीत ठेवला.

“आई, पत्राचे फोटो मी पाठवले तिला. तुझ्या लॅपटॉपमधून. डॉक्टरांनी आम्हाला तुला शेवटचं भेटायला बोलावून घेतलं होतं, जेमतेम दोन दिवस काढशील म्हणाले होते. मी तिला म्हटलं, आईचं काम लोकांसमोर येऊ दे, ती आहे तोवर. आणि आईला कळू देऊ नकोस की आम्ही आशा सोडली होती.”

१० मे
तीनदा फोन लावला. चौथ्यांदा उचलला. “ईशानने सगळं सांगितलं मला,” म्हणाले.
“धाप लागलीये तुम्हाला,” ती म्हणाली. “आधी बसा, ताई.”