हिरव्या दोऱ्याचा कप

प्रिय महानंदाक्का,

पॅन्ट्रीत तुझ्या जागी आता यंत्र आलंय. बटण दाबलं की कॉफी. त्या बटणावर दिवसभर सगळ्या ऑफिसची बोटं पडतात आणि त्यातली निम्मी थेट नाकावरून आलेली असतात. काल आमच्या संग्रामसरांनी तळहातात सणसणीत शिंक दिली, तोच हात पँटला पुसला, बटण दाबलं आणि मग कौतुकानं माझ्या पाठीवर ठेवला. शी! घरी जाऊन तो शर्ट मी दोनदा धुतला. हेब्बाळ तळ्याच्या बाजूला एवढ्या मोठ्या काचा, पण एकही उघडत नाही. चाळीस जणांचा खोकला एसी इमानेइतबारे सगळ्यांना वाटत असतो.

तुझा निपाणीचा पत्ता गेटवरच्या शिवाप्पाकडून घेतला. इथून काढल्यापासून एजन्सी तुला दुसरीकडेही कामाला लावत नाही, हेही त्यानंच सांगितलं. तुझ्या कागदावर ‘आजार लपवून कामावर आली’ असा शेरा आहे म्हणे.

साथ सुरू झाली तेव्हा साऱ्या ऑफिसात डोकं फक्त तुझं चाललं. कोण कुणाच्या कपातून पितंय कळत नाही, म्हणून तू प्रत्येक कपाच्या कानाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलास. माझा हिरवा. इंजिनिअर म्हणवणारी माणसं त्यावर खिदळली आणि मुद्दाम एकमेकांचे कप उचलू लागली. तू मात्र उकळत्या पाण्यात कप घालत, ‘स्वल्प लांब बसा की रं’ म्हणत फिरायचीस. पुण्याहून आलेल्या मला अहो-जाहो सोडायला लावणारीही तूच. अक्का म्हणतोस आणि वर अहो कसलं, म्हणून दटावलं होतंस.

आणि आमचा तो पितळी करंडक आठवतो ना? महिनाभर ज्या टीमनं एकही रजा घेतली नाही, तिला मिळणारा. फोटोसाठी प्रत्येकानं त्याचा मुका घ्यायची थोर प्रथा! एकाची लाळ वाळायच्या आत दुसऱ्याचे ओठ. तू फडकं घेऊन मध्ये पुसायला गेलीस, तर फोटो बिघडतो म्हणून सरांनी तुला बाजूला केलं.

महिनाअखेरच्या त्या सोमवारी करंडकाचा पहिला मुका मी घेतला. आदल्या रात्री मला एकशे दोन ताप होता. रजा टाकली असती तर सलग तिसऱ्या महिन्याचा करंडक माझ्यामुळे गेला असता, आणि टीमची तोंडं मला बघवली नसती. म्हणून कॅबमध्येच तापाची गोळी घेतली. शिवाप्पानं गेटवर कपाळाशी यंत्र धरलं तेव्हा आकडा अगदी शहाण्यासारखा आला. तू तेवढी फसली नाहीस. माझे डोळे बघून मिरी घातलेला काढा, तुझा तो कषाय, आणून दिलास, घरी जा म्हणालीस. एसी बाधला, असं मी तोंड वर करून सांगितलं. मग माझ्या टेबलावरचे शेंबडाचे कागद तू उघड्या हातानं गोळा केलेस. तुला किळस आली नाही. आता मला येते, माझीच.

बुधवारी अकरा जण आडवे झाले. तूही खोकत होतीस, आणि बदली माणूस नाही म्हणून एजन्सीनं तुला सुट्टी नाकारली होती. एचआरच्या धनलक्ष्मी मॅडमनी सगळ्यांसमोर तुला विचारलं की हे तूच पसरवलंस ना. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि गप्प राहिलीस. मीही गप्प राहिलो. माझ्या हातात तुझा कषाय होता, हिरव्या दोऱ्याच्या कपात.

आज सकाळी आणखी एक करंडक आला आणि सरांनी तो माझ्या तोंडाशी धरला. मला खरोखर ओकारी आली. जागेवर परतून गोळीपासून करंडकापर्यंत सगळं लिहिलं, मॅडमना आणि एजन्सीला पाठवलं. त्याचीच सही केलेली प्रत, खाली मराठीत लिहून, सोबत आहे. तू निपाणीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलीस, तेव्हा वाचून घेशील. एजन्सीनं आताही काम नाकारलं तर हा कागद त्यांच्यापुढे ठेव. आजार लपवून कामावर आला तो मी, असं त्यात पहिल्याच ओळीत आहे. माफी मागत नाही, ते तोंड मला नाही. कप मात्र आता मी स्वतः धुतो, तुझ्यासारखा उकळत्या पाण्यात.

त्या दिवशी गप्प राहिलेला, तरीही तुझाच,
सुशांत